यूकेमधलं प्लेसमेंट इयर: तिकीट आरएसी आहे, कन्फर्म समजून चढू नका

आधी रेटिंग देऊन टाकते, म्हणजे घाईतले लोक इथूनच सुटतील. युनिव्हर्सिटीची प्लेसमेंट सर्व्हिस पाचपैकी दोन. कंपनीत काढलेलं वर्ष पाचपैकी साडेचार. आणि 'मास्टर्स विथ प्लेसमेंट इयर' हे अख्खं पॅकेज म्हणून साडेतीन, तेही इंग्लंडात उतरल्या आठवड्यापासून धावपळ करायची तयारी असेल तर. नसेल तर दोन पण जास्त झाले.

मी नाशिकची, बीई मेकॅनिकल, नंतर इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका युनिव्हर्सिटीत मॅन्युफॅक्चरिंगचं एमएससी, दोन वर्षांचं, त्यात मधलं वर्ष इंडस्ट्रीत. युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण ज्या तक्रारी खाली करणारे त्या वेगवेगळ्या शहरांत शिकणाऱ्या मैत्रिणींकडून तशाच्या तशा ऐकल्यात, मग एकीलाच का बदनाम करा. कंपनीचं पण नाही, डर्बीच्या आसपासची प्लॅस्टिकचे पार्ट बनवणारी मध्यम कंपनी एवढं पुरे.

हा प्रकार तिकडे सँडविच कोर्स म्हणून ओळखतात आणि तो काही परवा निघालेला नाही, संडरलंडच्या टेक्निकल कॉलेजात १९०३ सालीच इंजिनियरिंगला असा कोर्स होता. बाथ, सरे, लफबरा, ॲस्टन, ब्रुनेल या युनिव्हर्सिट्यांचं नावच मुळात या पद्धतीमुळे झालंय. बॅचलर्सची पोरं दुसरं वर्ष संपवून वर्षभर कंपनीत जातात आणि परत येऊन शेवटचं वर्ष करतात, आणि इंग्लंडमधल्या स्थानिक पोरांकडून त्या मधल्या वर्षाची फी नेहमीच्या कमाल फीच्या २० टक्क्यांपर्यंतच घेता येते, २०२५-२६ ला ती १,९०५ पौंड होते. आपल्याला ही मर्यादा लागू नाही बरं का, इंटरनॅशनल फी ज्याची त्याची, त्यामुळे प्लेसमेंटच्या वर्षाची फी किती हे ऑफर लेटर आल्यावर नाही तर अर्ज करायच्या आधी विचारा.

आता आपल्याकडे विकलं जातं ते काय, तर हेच मॉडेल मास्टर्सला जोडलेलं. कॉलेज रोडवरच्या कन्सल्टन्सीत मला जे ब्रोशर दाखवलं त्यात 'प्लेसमेंट इयर इन्क्लुडेड' असं ठसठशीत लिहिलेलं, आणि समोरचा माणूस अशा थाटात सांगत होता की जणू कंपनी एअरपोर्टवर गाडी पाठवणार. बाबा बिचारे अंबड एमआयडीसीत आयुष्य काढलेले, त्यांनी एकच प्रश्न विचारला, कंपनी कोण शोधणार? त्यावर उत्तर आलं, युनिव्हर्सिटी सपोर्ट करते. हा 'सपोर्ट करते' शब्द नीट ऐका, सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

सरळ सांगायचं तर हे आरएसीचं तिकीट आहे. गाडीत चढायचा हक्क मिळाला, बसायला जागा मिळाली, पण बर्थ पाहिजे तर टीसीच्या मागे तुम्हीच फिरायचं, आणि नाहीच मिळाला तर रेल्वे काय तुमची माफी मागत नाही. म्हणजे कोर्स तुम्हाला वर्षभर फुलटाइम काम करायची परवानगी देतो, नोकरी देत नाही. नोकरी तुम्ही शोधायची, इंटरव्ह्यू तुम्ही द्यायचे, आणि ठराविक तारखेपर्यंत हातात काही नसेल तर तुम्हाला गुपचूप त्याच विषयाच्या एक वर्षाच्या साध्या कोर्सवर टाकतात. त्यात परत बहुतेक ठिकाणी अट असते की पहिल्या टप्प्यातले विषय पास पाहिजेत, कुठे कुठे ठराविक सरासरी पण, म्हणजे हातात ऑफर आहे आणि एका मॉड्यूलची री-सिट लागली म्हणून गेली, असंही होतं. आमच्या बॅचला झालं.

आणि साध्या कोर्सवर टाकलं की पैशाचं काय होतं हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. स्टुडंट व्हिसाचा हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी व्हिसाबरोबर घेतात तो) सध्या वर्षाला ७७६ पौंड, जितका व्हिसा लांब तितका, आणि सगळा आधीच एकरकमी भरायचा. प्लेसमेंटचं वर्ष धरून व्हिसा घेतला की ते ७७६ पण गेले. पुढे प्लेसमेंट नाही झाली तर युनिव्हर्सिटी होम ऑफिसला (तिकडचं गृहखातं, व्हिसा तेच बघतं) कळवते, व्हिसा छोटा होतो, आणि सरचार्ज परत मिळत नाही. डॉक्टरचं तोंड न बघता लाखभर रुपयांच्या आसपास गेले की नाही. याउलट एक वर्षाचा कोर्स घेऊन जाऊन मग तिथे प्लेसमेंट व्हर्जनला बदलता येईल का हे पण विचारून ठेवा, काही ठिकाणी चालतं, पण त्यात व्हिसाचा घोळ असतो त्यामुळे हो म्हणाले तरी ईमेलवर हो घ्या.

बरं आता टायमिंग, माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे मार खातात. तिथल्या मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या प्लेसमेंटच्या जागा आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच उघडतात आणि बऱ्याच जागा ख्रिसमसच्या आत भरून पण टाकतात. आणि आपण सप्टेंबरच्या शेवटी उतरतो. म्हणजे तुम्ही अजून बँक अकाउंटसाठी हेलपाटे घालताय, कुकर कुठे मिळेल शोधताय, आणि तिकडे ऑनलाइन टेस्टची मुदत संपतेय. तिथे जन्मलेल्या पोरांना शाळेपासून हे कॅलेंडर माहीत असतं. म्हणून सीव्ही विमानात बसायच्या आधी तयार पाहिजे, ग्रॅडक्रॅकर (हे खास इंजिनियरिंग-टेक्नॉलॉजीवाल्यांसाठी), टार्गेटजॉब्ज, लिंक्डइन यांच्यावर जुलै-ऑगस्टमध्येच खाती काढून, मागच्या वर्षीच्या जाहिराती वाचून ठेवायच्या. जानेवारी इनटेकवाल्यांचं तर अजून अवघड, मोठ्या कंपन्यांची गाडी तोवर निघून गेलेली असते, त्यांनी सरळ लहान-मध्यम कंपन्यांवर नजर ठेवायची.

युनिव्हर्सिटीच्या प्लेसमेंट टीमबद्दल. दोन मार्क का दिले तर त्यांच्या पोर्टलवर ज्या जाहिराती होत्या त्यातल्या बऱ्याच शिळ्या, क्लिक केलं की 'ही जागा आता उपलब्ध नाही'. ईमेल केला की ऑटो-रिप्लाय, पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ. वर्कशॉप असायचे पण त्यात सीव्ही म्हणजे काय इथपासून सुरुवात, आणि हॉलमध्ये इतकी गर्दी की प्रश्न विचारायचा नंबरच येत नाही. शून्य नाही दिला कारण मॉक इंटरव्ह्यू. हे फुकट असतं आणि खरंच सोन्यासारखं आहे. मला ज्या बाई मिळाल्या त्यांनी माझ्या सीव्हीतलं 'हार्डवर्किंग', 'डायनॅमिक', 'टीम प्लेयर' सगळं लाल पेनाने उडवलं, जन्मतारीख आणि फोटो काढायला लावला, आणि म्हणाल्या की प्रत्येक ओळीत तू काय केलंस आणि त्याने काय बदललं एवढंच ठेव. मग लक्षात आलं की उरलं फार थोडं, पण जे उरलं ते कामाचं होतं.

इंटरव्ह्यूमध्ये पण तेच. तिथे टेक्निकल प्रश्न आपल्या व्हायवासारखे घोकंपट्टीचे नसतात, 'अशी एक वेळ सांगा जेव्हा तुमचं कोणाशी पटलं नाही आणि तुम्ही काय केलं' असल्या प्रश्नांवर सगळा भर. परिस्थिती काय होती, तुमच्यावर जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलं, निकाल काय लागला, या क्रमाने सांगायचं, त्याला ते स्टार मेथड म्हणतात. आपल्या पोरांचा प्रॉब्लेम असा की आपण 'आम्ही' मध्ये बोलतो. आम्ही प्रोजेक्ट केला, आम्ही मॉडेल बनवलं. समोरचा परत परत विचारतो, हो पण तुम्ही स्वतः काय केलंत? इथे लाजायचं नाही. आणि आपला अनुभव कमी समजायचा नाही. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये केलेलं इनप्लांट ट्रेनिंग, ज्याच्या सर्टिफिकेटवर फक्त शिक्का मारून घेतात सगळे, ते मी खरंच केलेलं होतं, आणि माझ्या इंटरव्ह्यूचा अर्धा वेळ त्या एका मशीनवरच्या रिजेक्शनवर गेला.

सगळ्यात कामाची गोष्ट आता. ऑनलाइन फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, तुम्हाला व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का. पुष्कळ लोक घाबरून किंवा गोंधळून 'हो' टिक करतात आणि फॉर्म तिथेच कचऱ्यात जातो, माणसाने वाचलेला पण नसतो. तर प्लेसमेंट हा तुमच्या कोर्सचा अधिकृत भाग असेल तर ती स्टुडंट व्हिसावरच करता येते, कंपनीला स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणूस नोकरीला ठेवायचा सरकारी परवाना) लागत नाही, कंपनीला व्हिसाचा एक पैसा खर्च नाही. हे लहान कंपन्यांच्या एचआरला माहीतच नसतं. त्यामुळे कव्हर लेटरच्या पहिल्या परिच्छेदात हे वाक्य टाका, आणि युनिव्हर्सिटीकडून तसं पत्र काढून ईमेलला जोडा. फॉर्ममध्ये 'आत्ता किंवा भविष्यात' असा प्रश्न असेल तर मात्र खोटं लिहू नका, शक्य असेल तर फोन करून विचारा की हा प्रश्न प्लेसमेंटपुरता आहे का. मला मुलाखत मिळाली ती अशाच एका फोनवर.

डिफेन्सच्या नादाला लागू नका. मिडलँड्सला एअरोस्पेस, रेल्वे, गाड्या सगळं आहे, एकट्या डर्बीत रोल्स-रॉईस, आल्स्टॉमचा रेल्वेडब्यांचा कारखाना, जवळच बर्नस्टनला टोयोटा, पाहूनच जीव हरखतो. पण जिथे सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो तिथे साधारण पाच वर्षं यूकेमध्ये राहिलेलं असावं लागतं, म्हणजे आपण बाद. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात असतं ते आधी वाचायचं, तीन तास अर्ज भरून मग नाही.

मोठी नावं सोडून मी गुगल मॅप काढला, इंडस्ट्रियल इस्टेट झूम करून एकेका कंपनीची वेबसाइट बघितली आणि थेट प्रॉडक्शन मॅनेजर, ऑपरेशन्स मॅनेजर अशांना चार-पाच ओळींचे ईमेल टाकले. एचआरला नाही. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, ठीक आहे. पण जाहिरातच न आलेली जागा अशीच मिळते, कारण त्यांच्याकडे काम पडलेलं असतं आणि करायला माणूस नसतो, फक्त जाहिरात द्यायला कोणाला वेळ नसतो.

पैसे किती मिळतात यावर वेगळं लिहिते कारण मावशीपासून सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. एक गोष्ट धक्का देणारी आहे, यूकेतल्या युनिव्हर्सिटी कोर्सचा भाग म्हणून एक वर्षापर्यंतची प्लेसमेंट असेल तर किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. म्हणजे फुकट राबवणं कायद्याने चालतं. फुकटची घेऊ नका, निदान इंजिनियरिंगमध्ये तरी चांगल्या कंपन्या पगार देतातच. समजा वर्षाला २२,००० पौंड धरले, तर पहिले १२,५७० करमुक्त, वरच्यावर २० टक्के टॅक्स आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून होणारी सरकारी सामाजिक सुरक्षेची कपात), हातात येतात महिन्याला साधारण १,६०० च्या वर. लंडनबाहेर शेअरिंगच्या घरात खोली, बिलं, डबा स्वतः करून महिन्याला थोडेफार मागे पडतात. पण एक वर्षाच्या पगारात एज्युकेशन लोन फिटेल असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या, व्याजाला हातभार लागतो इतकंच.

पहिल्या पगाराला एमर्जन्सी टॅक्स कोड लागू शकतो, मग जास्त कापलेलं दिसतं, तेव्हा रडायचं नाही, टॅक्स ऑफिसच्या ऑनलाइन खात्यात जाऊन नोकरीची माहिती नीट करायची, पुढच्या पगारात ॲडजस्ट होऊन येतं. पेन्शनचं पण असंच. वय २२ झालेलं आणि पगार वर्षाला १०,००० पौंडांच्या वर असेल तर कंपनी तुम्हाला आपोआप पेन्शन स्कीममध्ये घालते, बहुतेक ठिकाणी तुमच्याकडून ५ टक्के आणि कंपनीकडून ३. महिन्याभरात नको म्हणून कळवलं तर कापलेले पैसे पूर्ण परत, नंतर बाहेर पडलात तर सहसा आधीचे पैसे निवृत्तीच्या वयापर्यंत अडकतात. भारतात परत यायचा विचार पक्का असेल त्याने याचा निर्णय पहिल्याच महिन्यात घ्यावा, कंपनीचे ३ टक्के सोडवत नाहीत हे मलाही कळतं, ज्याने त्याने बघा.

कौन्सिल टॅक्स! म्हणजे राहणाऱ्याने भरायची तिकडची घरपट्टी. घरात सगळे फुलटाइम विद्यार्थी असतील तर हा लागत नाही, आणि सँडविच कोर्सवर प्लेसमेंटच्या वर्षात पण तुम्ही विद्यार्थीच असता. पण कंपनीच्या गावी जाऊन एखाद्या नोकरदार माणसाबरोबर घर घेतलं की घराला बिल येतं, तुम्ही मोजणीत धरले जात नाही म्हणून २५ टक्के सूट मिळते, ती मागावी लागते. युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट काढून कौन्सिलला पाठवायचं. आणि रेल्वेने जाणार असाल तर १६-२५ रेलकार्डने एक तृतीयांश तिकीट वाचतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत १२ पौंडांचं किमान भाडं आहे, जुलै-ऑगस्ट सोडून, त्यामुळे रोजच्या छोट्या अंतराच्या कामाच्या प्रवासाला ते जवळजवळ निरुपयोगी. रोजच जायचं तर सीझन तिकीट नाहीतर सरळ बस.

आता कंपनी, साडेचार मार्कांची. पहिले काही आठवडे कंटाळवाणे गेले हे आधीच सांगते. सेफ्टी इंडक्शन, इकडचं पीपीटी, तिकडचं पीपीटी, मग कोणाच्या तरी मागे मागे फिरायचं. मॅनेजर बिझी. त्याला वाईट म्हणणार नाही, पण प्लेसमेंट स्टुडंटला काय काम द्यायचं हे बऱ्याच कंपन्यांनी ठरवलेलंच नसतं, मग तुम्हाला एक्सेल शीट भरायला बसवतात आणि वर्षभर तुम्ही शीट भरता. आमच्यातल्याच एकाचं खरंच तसं गेलं, मोठ्या नावाच्या कंपनीत, सीव्हीवर लोगो झळकतो पण सांगायला काही नाही.

यावर उपाय एकच सापडला तो म्हणजे शॉप फ्लोअर. मी रोज सकाळी शिफ्ट बदलायच्या वेळी खाली जाऊन उभी राहायला लागले, रात्रपाळीवाले जाताना काय शिव्या घालत जातात ते ऐकायला. तिथे खरा माल असतो. सगळे एकाच गोष्टीवर वैतागलेले, मोल्डिंग मशीनवर साचा बदलायला लागणारा वेळ. आता साचा बदलायचा वेळ कमी करण्याची पद्धत काय नवी नाही, शिगेओ शिंगो या जपानी इंजिनियरने ती एसएमईडी नावाने मांडली, दहा मिनिटांच्या आत साचा बदलला पाहिजे हे त्यातलं ध्येय, आपण सगळ्यांनी बीईला पाठ करून लिहिलेलं. पण प्रत्यक्षात बघितलं तर सेटर, म्हणजे साचा बसवणारा माणूस, ॲलन की शोधायला, क्लॅम्प आणायला, होजचं कनेक्टर शोधायला फ्लोअरभर फिरतोय, आणि मशीन तोवर बंद. जी कामं मशीन चालू असतानाच करून ठेवता येतात ती सगळी मशीन बंद झाल्यावर होत होती. मी मॅनेजरला म्हटलं हे काम मला द्या, आणि लेखी द्या.

व्हिडिओ काढायची परवानगी मागितली तेव्हा सेटर लोक आधी उखडले, त्यांना वाटलं ऑफिसवाल्यांनी पाळत ठेवायला ही पोरगी पाठवली. साहजिक आहे, अंबडला पण हेच झालं असतं. मग मी त्यांच्याबरोबर चहा घ्यायला लागले, तिथे ज्याची पाळी असते त्याने सगळ्यांचा चहा करायचा अशी पद्धत आहे, आपली पाळी चुकवली तर माणूस मनातून उतरतो. दिवाळीला कॅन्टीनमध्ये चकली-चिवडा ठेवला तर लोक खायच्या आधी शेंगदाणे आहेत का विचारतात, ॲलर्जीची भीती, त्यामुळे डब्यावर काय काय घातलंय ते लिहून ठेवलं. चकली संपली आणि त्यानंतर रात्रपाळीचा मुख्य सेटर स्वतःहून म्हणाला की व्हिडिओ काढ, पण माझा चेहरा नको, हात दाखव. शेवटी त्याच्याच डोक्यातून निघालेली ट्रॉली बनवली, प्रत्येक साच्याची हत्यारं आधीच लावून ठेवलेली, आणि वेळ निम्म्याच्या खाली आला. रिपोर्टमध्ये त्याचं नाव पहिलं टाकलं. हे मुद्दाम सांगतेय कारण तिथे कोणी तुमच्या डिग्रीवर काम देत नाही, तुम्ही माणसांशी कसे वागता त्यावर दारं उघडतात. आणि 'सर', 'मॅडम' सोडा, डायरेक्टरला पण पहिल्या नावाने हाक मारायची, सुरुवातीला जीभ अडखळते.

एक काम संपलं की दुसऱ्या डिपार्टमेंटला आठवडा-दोन आठवडे पाठवा म्हणून मागायचं. मी क्वालिटीत बसले, परचेसमध्ये बसले, कस्टमरची तक्रार आल्यावर ८डी रिपोर्ट (चूक का झाली आणि परत होऊ नये म्हणून काय केलं याचा आठ पायऱ्यांचा अहवाल) लिहिताना कोण कसं कोणावर ढकलतं ते बघितलं. पक्क्या नोकरीत हे कोणी करू देत नाही. दर शुक्रवारी शेवटचा अर्धा तास त्या आठवड्यात काय केलं, आकडा काय होता, कोणाला भेटले हे लिहून ठेवा. युनिव्हर्सिटी लॉगबुक मागतेच, पण खरा उपयोग पुढच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला होतो, तेव्हा उदाहरणं आठवत नाहीत.

डिसर्टेशन (मास्टर्सचा शेवटचा प्रबंध) प्लेसमेंटनंतर असेल तर विषय कंपनीतलाच काढा, पण डेटा वापरायची परवानगी कंपनीत असतानाच लेखी घ्या. कंपनी सोडल्यावर ईमेल बंद होतो, लॅपटॉप जमा होतो, मॅनेजर बदलतो, मग कोण देतंय परवानगी. नावं आणि किमती काढून टाकते म्हटलं की सहसा हो म्हणतात.

या वर्षात युनिव्हर्सिटीचं काम काय तर ट्यूटरची अधूनमधून ऑनलाइन भेट, 'सगळं ठीक?' 'हो ठीक', झालं. त्यासाठी फी घेतात, असो. पण प्लेसमेंटच्या ठिकाणी काही वाईट चाललं असेल तर याच माणसाला पहिला ईमेल टाकायचा, तुमची हजेरी आणि पत्ता होम ऑफिससाठी ठेवायची जबाबदारी युनिव्हर्सिटीचीच असते, त्यामुळे घर बदललं, कंपनीची जागा बदलली, नोकरी गेली, तर लगेच कळवा.

एकटेपणाचा भाग कोणी बोलत नाही. बॅचमधले बाकीचे कोर्स संपवून पांगतात आणि तुम्ही एका छोट्या गावात, डिसेंबरात चार वाजता अंधार, बस तासाला एक. माझा तोडगा म्हणजे महिन्यातून एखादा शनिवार लेस्टर. बेलग्रेव्ह रोडवर गेलं की कढीपत्ता, तूरडाळ, गुजराती फरसाण, सगळं मिळतं आणि कोणीतरी 'केम छो' म्हणतं, तेवढंही पुरतं. गणपतीत लंडनला महाराष्ट्र मंडळात जाऊन आले, १९३२ पासूनचं मंडळ आहे, तिथे एका काकूंनी न विचारता मोदक वाढला आणि लगेच लग्नाचं विचारलं. घरच्यासारखंच.

आणि हो, डिलिव्हरीचं ॲप लावून वरकड कमाई करायचा विचार डोक्यातून काढा. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा म्हणून काम चालत नाही आणि ती ॲपवाली कामं त्यातच मोडतात.

नंतर कंपनीने ठेवून घेतलं का? नाही. ठेवायची इच्छा होती, पण स्किल्ड वर्कर व्हिसासाठी (कंपनीने स्पॉन्सर करायचा नोकरीचा व्हिसा) जुलै २०२५ पासून साधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे, नवख्यांसाठी सवलतीत ३३,४००, आणि मध्यम कंपनीला ग्रॅज्युएट इंजिनियरला एवढा पगार देणं परवडत नाही. त्यामुळे कोर्स संपवून ग्रॅज्युएट व्हिसा (डिग्रीनंतर स्पॉन्सरशिवाय तिथे काम करता येतं तो) घेतला आणि दुसरीकडे लागले, जिथे इंटरव्ह्यूला सगळं त्या साच्यांवरच बोलणं झालं. हा ग्रॅज्युएट व्हिसा आत्ता दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स-मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार. दोन वर्षांचा कोर्स आज सुरू करणाऱ्यांचा अर्ज त्या तारखेनंतरच पडणार हे धरून चाला. माझ्या मते यामुळे प्लेसमेंटचं वर्ष उलट जास्त किमती झालंय, कारण नंतर नोकरी शोधायला वेळ कमी आणि हातात यूकेचा अनुभव नसेल तर अजून अवघड. पण मिळाली तर!

कोणी घ्यावं: ज्याच्याकडे सांगण्यासारखं एक तरी खरं काम आहे, इंग्रजी फाडफाड नसलं तरी फोन उचलून बोलायची भीड नाही, आणि पहिल्या सेमिस्टरला अभ्यास आणि अर्ज दोन्ही ओढायची ताकद आहे. ज्याचं गणितच मुळात 'दुसऱ्या वर्षी पगारातून हप्ते' यावर उभं आहे त्याने घेऊ नये, खरंच नको, मी त्या तणावात लोकांना रात्र रात्र जागताना बघितलंय.

आणि डिपॉझिट भरायच्या आधी युनिव्हर्सिटीला एक ईमेल करा: याच कोर्सच्या मागच्या बॅचमध्ये किती जणांनी प्लेसमेंट व्हर्जन घेतलं, त्यातल्या किती जणांना प्रत्यक्ष प्लेसमेंट मिळाली, आणि मिळालेल्यांत इंटरनॅशनल किती. तीन आकडे. एजंटला विचारू नका, ॲडमिशनवाल्यांनाही नको, थेट डिपार्टमेंटच्या प्लेसमेंट ट्यूटरला, त्याचा ईमेल वेबसाइटवर असतो. आकडे आले तर विचार करा. 'आमचे अनेक विद्यार्थी नामांकित कंपन्यांत' असं गोलमोल आलं तर एक वर्षाचाच कोर्स घ्या आणि ते ७७६ पौंड वाचवा.